मूकपटातला मुका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘द मार्क ऑफ झोरो’ हा १९२०चा मूकपट तुम्हाला वर्गात दाखवायचा आहे. नायक स्पॅनिश घराण्यातला, मुलूख कॅलिफोर्नियाचा, भांडण गोरगरिबांसाठी. मग त्या काळाच्या मानानं याला सगळ्यांना सामावून घेणारा सिनेमा म्हणावं, की गोऱ्या नटांनी दुसऱ्यांचे कपडे चढवून केलेला खेळ म्हणून बाजूला ठेवावं?

दाखवा. पण एका माणसावर नजर ठेवून दाखवा. त्याचं नाव बर्नार्दो. त्याच्याकडे येतोच, आधी मी हे कुठून बोलतोय ते सांगतो.

गेली पंचवीस वर्षं मी फिल्म सोसायट्यांमध्ये आणि कॉलेजांत मूकपटांचे खेळ लावतो. बाजूला एक पेटीवाला, एक तबलजी, आणि पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मी मराठीत मोठ्यानं वाचतो. मूकपटांच्या काळात आपल्या थिएटरांत पाट्या वाचून दाखवणारा माणूस असायचाच, तेव्हा यात माझं नवीन काही नाही. झोरो मी पंधराएक वेळा वाचला असेन. पाहिला असं मुद्दाम म्हणत नाही. पाट्या वाचणाऱ्याला कोण किती बोलतं हे डोळ्यांआधी घशाला कळतं.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, विद्यार्थ्यांसाठी दोन ओळीत. डॉन दिएगो व्हेगा हा बड्या जमीनदाराचा मुलगा. दिवसा जांभया देतो, पावसातून छत्री सावरत खानावळीत शिरतो, ‘ही जादू पाहिलीत का’ म्हणत हातरुमालाचे खेळ दाखवतो, आणि दाखवायला आणलेल्या मुलीसमोरही त्याला डोळे उघडे ठेवणं जड जातं. रात्री तोच काळा मुखवटा बांधून निघतो आणि गव्हर्नरच्या माणसांच्या अंगावर तलवारीनं ‘झेड’ काढतो. सार्जंट गोन्झालेसच्या बाबतीत ती खूण तुमानीच्या मागच्या बाजूला पडते, तिथे हॉल हमखास फुटतो. नायक डग्लस फेअरबँक्स, दिग्दर्शक फ्रेड निब्लो. मूळ कथा जॉन्स्टन मॅक्कलीची, १९१९ मध्ये ‘ऑल-स्टोरी वीकली’ या स्वस्त साप्ताहिकात पाच हप्त्यांत आलेली.

आता बर्नार्दो. दिएगोच्या घरात मोठ्या घड्याळामागे चोरवाट आहे. ती वाट, तो घोडा, तो मुखवटा, या सगळ्या गुपिताचा वाटेकरी म्हणजे हा नोकर. भूमिका केली आहे सर्कशीतून सिनेमात आलेल्या टोट दु क्रो या उतारवयाच्या नटानं. मॅक्कलीच्या कथेत बर्नार्दो मूळनिवासी आहे. आणि तो मुका आहे.

मूकपटात मुका! पडद्यावर आवाज तर कोणालाच नाही. फेअरबँक्सचे ओठ हलतात तेव्हाही आपल्याला ऐकू काहीच येत नाही. सगळे सारखेच मुके, मग एकाला वेगळं मुकं का करावं लागलं? फरक पाट्यांत आहे. गोन्झालेसला बढाया मारायला पाटीवर पाटी मिळते. दिएगोच्या वडिलांना मुलाच्या नावानं कपाळ बडवायला मिळते. नायिका लोलिताच्या आईला, गव्हर्नरला, खलनायक कॅप्टन रामोनला, सगळ्यांना. बर्नार्दोसाठी मला अजून एकदाही तोंड उघडावं लागलेलं नाही. तो मान डोलावतो, हात हलवतो, मालकाकडे पाहतो. गुपित राखायला मुका माणूस सोयीचा, हे कथेच्या हिशेबानं ठीकच आहे. पण ज्या लोकांसाठी हा सगळा उपद्व्याप चाललाय, त्यांच्यातला नायकाच्या सर्वांत जवळचा माणूस बोलू शकत नाही, आणि बाकीचे बोलू शकतात तरी फारसे बोलत नाहीत. मार खातात, टोप्या हातात धरून उभे राहतात, झोरो आला की त्यांचे चेहरे उजळतात.

त्या मार खाणाऱ्यांतला एक चेहरा ओळखीचा करून घ्या. चार्ल्स स्टीव्हन्स. ॲरिझोनात जन्मलेला, ॲपाची आणि मेक्सिकन वंशाचा. प्रसिद्ध ॲपाची लढवय्या जेरोनिमोचा नातू म्हणून त्याची ख्याती करून दिली जायची, खरंखोटं देव जाणे. फेअरबँक्सचा हा दोस्त त्याच्या जवळपास प्रत्येक सिनेमात कुठेतरी असतो. इथे तो एक साधा पिऑन आहे, म्हणजे शेतमजूर, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. नामावलीत जे आहेत ते पाहा: नायिका लोलिता पुलिदो म्हणजे मिनेसोटात जन्मलेली मार्गरेट द ला मोट, गोन्झालेस म्हणजे मिसूरीचा नोआ बीरी, खलनायक रामोन म्हणजे रॉबर्ट मॅक्किम. स्वतः फेअरबँक्स डेन्व्हरचा. खरी ॲपाची माणसं सिनेमात नव्हती असं नाही, होती, चाबकाच्या टोकाला होती.

फेअरबँक्सचं प्रकरण मात्र जरा गुंतागुंतीचं आहे. त्याचे वडील ज्यू कुळातले वकील, आडनाव उलमन. ते आडनाव त्यानं मागे टाकलं आणि त्याची वाच्यता टाळली. या सिनेमाच्या पटकथेवर त्यानं ‘एल्टन थॉमस’ हे टोपणनाव घातलंय, ती त्याच्याच जन्मनावातली मधली दोन नावं आहेत. उलमन तेवढं गाळलं. दोन नावांनी जगणाऱ्या माणसाची भूमिका दोन नावांचा माणूस करतोय. यावरून त्याला सूट द्या असं मी म्हणत नाही, पण ‘गोरा नट’ या दोन शब्दांत तो मावत नाही, एवढं विद्यार्थ्यांना कळलं तर बरं.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. पाट्यांमध्ये ‘नेटिव्ह’ हा शब्द येतो. पहिल्या खेळाला मी ‘स्थानिक’ असं वाचलं. अर्थच गेला. डॉन मंडळीही पिढ्यानपिढ्या तिथलीच, तीही स्थानिकच झाली. पुढच्या वेळी ‘रयत’ केलं. ते आणखी महागात पडलं, कारण मराठी कानावर रयत पडली की तिच्या पाठोपाठ आपोआप राजा येतो, आणि मग झोरोवर शंका घेण्याची सोयच उरत नाही. ‘आदिवासी’ म्हटलं तर प्रेक्षकांना मेळघाट आणि डहाणू दिसायला लागलं. शेवटी कंटाळून मी ‘नेटिव्ह’ हा शब्द तसाच ठेवला. पहिल्या रांगेत रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा बसले होते. तीनचार पाट्या झाल्यावर ते शेजाऱ्याला म्हणाले, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, “म्हणजे आपणच की रे!”

त्या दिवसापासून तोच शब्द वाचतो. ‘नेटिव्ह’ म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या पणज्यांनी तो शब्द झेललाय.

दुसरा शब्द ‘पिऑन’. हा आणि आपल्या कचेरीतला ‘प्यून’ एकाच मुळाचे. आपल्याकडे तो पोर्तुगिजांकडून आला, पायी चालणारा शिपाई या अर्थानं. तिकडे स्पॅनिशमध्ये तो रोजंदारीवरचा मजूर झाला. एका शाळेत खेळ होता तेव्हा तिथले शिपाईकाका दारात उभं राहून बघत होते. मी ‘प्यून’ वाचलं तशी पोरं मागे वळून त्यांच्याकडे बघून हसली. काकाही हसले. पडद्यावर त्याच वेळी त्या प्यूनला गोन्झालेस बडवत होता. पुढचं हसू आपोआप थांबलं. मी काही बोललो नाही, बोलायची गरज नव्हती.

तिसरा शब्द ‘काबायेरो’. घोड्यावर बसणारे, म्हणजे तिथले इनामदार-जहागीरदारांचे पोरगे. त्यांना मी ‘घरंदाज’ म्हणतो. कारण सिनेमाची किल्ली तिथे आहे. उत्तरार्धात झोरोला पकडायला निघालेली ही तरुण मंडळी व्हेगांच्या घरी येऊन पितात, खिदळतात. मग झोरो स्वतःच त्यांच्यासमोर उभा राहतो आणि त्यांना त्यांच्या रक्ताची, घराण्याची आठवण करून देतो. देश बिघडलाय, तो तुम्हीच सुधारायचा. पोरं तलवारी उपसतात आणि उठाव सुरू होतो. नेटिव्हांना कोणी तलवार देत नाही. गव्हर्नर पायउतार होतो तो घरंदाजांपुढे. जुलूम जातो, जमीन ज्याची होती त्याचीच राहते.

एका खेळानंतर पुरंदर तालुक्यातल्या एका मुलानं विचारलं होतं, “सर, उमाजी नाईक तर स्वतः रामोशी होते. हा डॉन कशाला मध्ये पडतोय?” काळ तर तोच. सिनेमाची गोष्ट घडते १८२०च्या आगेमागे, आणि उमाजी नाईकांना पुण्यात फाशी झाली ३ फेब्रुवारी १८३२ला. मी त्या मुलाला म्हटलं, तुझा प्रश्न कॅलिफोर्नियाचाही आहे, थांब.

तो इतिहास थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण सिनेमानं सर्वांत मोठी हातचलाखी इथे केली आहे. सिनेमात फ्राय फेलिपे नावाचा म्हातारा पाद्री आहे, नेटिव्हांचा कैवारी. त्याला खोट्या आरोपावरून फटके मारले जातात आणि झोरो त्याचा सूड घेतो. आता प्रत्यक्षात काय होतं? १७६९ पासून १८२३ पर्यंत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी सान दिएगोपासून सोनोमापर्यंत २१ मिशनं, म्हणजे चर्चच्या ताब्यातल्या वसाहती, उभारली. बाप्तिस्मा घेतलेल्या मूळनिवाशाला मिशन सोडून जायची मुभा नव्हती. पळाला तर शिपाई पाठवून धरून आणायचे, आणि फटके ही तिथली रोजची शिक्षा होती. म्हणजे चाबूक खरा होता. तो कोणाच्या हातात होता आणि कोणाच्या पाठीवर, हे सिनेमानं बदललं.

आणि झोरोही खरा होता म्हणा ना. फेब्रुवारी १८२४ मध्ये सांता इनेस मिशनात चुमाश या मूळनिवासी जमातीतल्या एका तरुणाला शिपायानं फटके मारले. त्यावरून चुमाश लोक उठले. सांता इनेस, ला पुरिसिमा, सांता बार्बरा अशी तीन मिशनं पेटली. ला पुरिसिमा तर त्यांनी जवळपास महिनाभर ताब्यात ठेवलं, तोफा आणून बसवल्या, सरकारी फौज आली तेव्हाच ते सोडलं. मुखवटा कोणीच घातला नव्हता, आणि कोणा डॉनच्या मुलाची वाटही पाहिली नव्हती. पुरंदरच्या मुलाला मी हे सांगितलं. त्यानं विचारलं, यावर सिनेमा का नाही काढला? आता याला काय उत्तर देणार?

झोरोचा पूर्वज म्हणून आणखी एक नाव नेहमी घेतलं जातं, होआकिन मुरिएता. सोन्याच्या खाणींच्या गर्दीत सोनोरातून आलेला मेक्सिकन. अमेरिकनांनी छळलं म्हणून दरोडेखोर झाला अशी दंतकथा. १८५३ मध्ये सरकारी रेंजर्सनी त्याला मारल्याचं जाहीर केलं आणि त्याचं म्हणून एक मुंडकं दारूत घालून, बरणीत ठेवून, पैसे घेऊन लोकांना दाखवलं. पुढच्याच वर्षी त्याच्यावर कादंबरी लिहिली जॉन रोलिन रिज यानं, आणि हा लेखक स्वतः चेरोकी होता. म्हणजे दंतकथेच्या मुळाशी एक गरीब मेक्सिकन आणि तिला शब्द देणारा एक मूळनिवासी. पडद्यावर येईपर्यंत तिचा वाडा झाला, अंगरखा रेशमी झाला आणि रंग उजळला. ज्या कॅलिफोर्नियात लोक खऱ्या मेक्सिकन शेजाऱ्याला ‘ग्रीझर’ म्हणून हिणवत होते, त्याच कॅलिफोर्नियाला ‘स्पॅनिश’ पूर्वज मात्र लाडके होते. ग्रीझर खलनायकाचे सिनेमे एवढे झाले की १९२२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारनं असे सिनेमे काढणाऱ्या कंपन्यांवर बंदी घातली. त्यानंतर हॉलिवूडवाल्यांनी खलनायकांचे देशच काल्पनिक करून टाकले. हा सगळा व्यवहार माहीत असला म्हणजे दिएगोची ती मऊ, स्वच्छ, पांढरी कॉलर वेगळी दिसायला लागते.

कायदा हातात घेणाऱ्या नायकाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. इथे मी जरा कठोर आहे. खऱ्या कॅलिफोर्नियात कायदा हातात घेणाऱ्यांचा इतिहास काळोखा आहे. १८५१ आणि १८५६ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्यांनी ‘दक्षता समित्या’ काढून माणसं फासावर दिली. १८५१ मध्येच डाउनीव्हिल गावात होसेफा नावाच्या मेक्सिकन बाईला जमावानं फाशी दिली. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जमावानं एका रात्रीत किमान १८ चिनी माणसं मारली. दोर सहसा कोणाच्या हातात असायचा हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सिनेमा हा सगळा काळ ओलांडून मागे, स्पॅनिश-मेक्सिकन दिवसांत जातो, आणि तिथे मुखवटा अन्याय झालेल्यांच्या बाजूनं उभा करतो.

त्यात झोरोच्या पाचच वर्षं आधी, १९१५ मध्ये, मुखवटे घालून रात्री घोडे फेकणाऱ्यांचा एक प्रचंड यशस्वी सिनेमा येऊन गेला होता. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’. तिथे मुखवटे पांढरे, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीचे, आणि खलनायक म्हणजे तोंडाला काळं फासलेले गोरे नट. त्याच वर्षी जॉर्जियात स्टोन माउंटनवर क्लॅनची पुन्हा स्थापना झाली. झोरो त्या सिनेमाचा भाऊ नाही. उलट दुबळ्यांच्या बाजूनं उभं राहण्याची त्याची इच्छा प्रामाणिक आहे, आणि पहिल्याच पाटीत ती ठणकावून सांगितली आहे: जुलूमच त्याला चिरडणारी ताकद जन्माला घालतो. पण घोडा, रात्र, झाकलेला चेहरा आणि ‘आम्हीच न्याय करू’ ही मांडणी दोघांची एकच. विद्यार्थ्यांना दोन्हींचे पाचपाच मिनिटांचे तुकडे लागोपाठ दाखवा. मी दाखवतो तेव्हा बराच वेळ कोणी हात वर करत नाही.

जमलं तर तिसरा तुकडा ऑस्कर मिशोच्या ‘विदिन अवर गेट्स’चा लावा. तोही १९२०चाच, कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा, जमावाच्या हातून होणारी हत्या बळी जाणाऱ्यांच्या घरातून दाखवणारा. त्याची प्रत कित्येक दशकं हरवली होती, ती स्पेनमध्ये स्पॅनिश पाट्यांसकट सापडली. बर्नार्दोच्या बाजूचा माणूस कॅमेऱ्यामागे गेला की काय होतं ते त्यात दिसतं.

स्त्रियांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लोलिता दिएगोला नाकारते, झोरोवर भाळते, रामोनच्या तावडीत सापडते, सुटते. आईवडिलांची मालमत्ता गव्हर्नरनं बुडवली म्हणून तिला श्रीमंत व्हेगांकडे द्यायचं चाललंय, हा भाग खरा मराठी वाटतो, प्रेक्षकांतल्या बायका तिथे हमखास कुजबुजतात. त्यापेक्षा मला दिएगोच रंजक वाटतो. रुमाल, जांभई, सारखी थकलेली मान. ‘पुरुषासारखा पुरुष नाही’ म्हणून घरचे त्याला टोचतात आणि प्रेक्षक हसतात. त्याच वर्षांत आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर यायचे आणि लोक त्यांच्या चालण्याची नक्कल करायचे. तेव्हा मऊपणा म्हणजे फक्त सोंग आणि खरा पुरुष तलवारीचा, ही सिनेमाची समजूत मराठी प्रेक्षकाला तेव्हा कितपत पटली असेल याचं मला कुतूहल आहे.

आपल्या मुलखाशी धागा आहे तो फेअरबँक्समुळे. त्याचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) इकडे इतका चालला की १९२७-२८च्या सिनेमॅटोग्राफ कमिटीनं भारतातला सर्वांत लोकप्रिय सिनेमा म्हणून त्याची नोंद केली. त्यातला ‘हिंदुस्थानचा राजपुत्र’ कोणी केला होता? नोबल जॉन्सननं. कृष्णवर्णीय अमेरिकन नट, ज्यानं १९१६ मध्ये कृष्णवर्णीयांची स्वतःची चित्रपट कंपनी काढली होती. आपले लोक त्याला आपला राजपुत्र समजून बघत होते. कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल तर ‘हिंदुस्थानचे फेअरबँक्स’ म्हणूनच विकले गेले.

आणि १९३१ मध्ये पुण्यात अगरवाल फिल्म कंपनीनं ‘दिलेर जिगर’ काढला, दिग्दर्शक जी. पी. पवार. आपल्या हजाराहून जास्त मूकपटांतले जे थोडके वाचले त्यातला हा एक, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपलेला. नायिका येवल्याची अंबू, म्हणजे पुढच्या ललिता पवार, ज्यांना आपण खाष्ट सासू आणि मंथरा म्हणून ओळखतो. इथे मुखवटा बांधून तलवार घेऊन उतरते ती नायिका. हे झोरोनं कधी केलं नाही. पण रस्त्यावर कसरती करून पोट भरणारा नायक मात्र अखेर राजपुत्रच निघतो. रक्ताची गोष्ट आपल्यालाही सोडवली नाही.

आता वर्गातल्या कामाचं. पोरांना कागद द्या आणि पाट्यांची मोजदाद करायला सांगा, पात्रागणिक. बर्नार्दोचा रकाना कोरा राहील, तो त्यांना स्वतः शोधू द्या, तुम्ही आधी फोडू नका. कोणाला जवळून चेहरा मिळतो, कोण पाठमोरा राहतो, तेही टिपायला सांगा. ‘नेटिव्ह’चं भाषांतर प्रत्येकाला करायला लावा आणि मग भांडू द्या. संगीत जमलं तर जिवंत ठेवा. फक्त एक करू नका, ते मी करून बसलोय. बर्नार्दो पडद्यावर येईल तेव्हा पेटी थांबवायची, म्हणजे लोकांना त्याचं मुकेपण जाणवेल, असं मी एकदा ठरवलं होतं. पेटी थांबली. दोन क्षण शांतता. मग मागून कोणीतरी ओरडलं, “ओ, पेटी बंद पडली का?” तेव्हापासून वाजू देतो.